सुधारलेले यंत्र आणि ऐकणारा कान

यंत्र विकत घेऊन वापरणारा आणि विकत घेतलेले यंत्र उघडून पाहणारा, अशी माणसांची दोन कुळे मानली, तर संगीत वाजवणाऱ्या डिजिटल यंत्रांच्या बाबतीत दुसरे कुळ फारच लहान ठरेल. परंतु विचार करण्याजोगा प्रश्न ह्या लहान कुळानेच उपस्थित केला आहे. कारखान्यातून निर्दोष म्हणून बाहेर पडलेल्या यंत्राचा नाद एखाद्या हौशी माणसाला घरच्या टेबलावर सुधारता येतो काय? आणि 'सुधारला' असे तो म्हणतो, तेव्हा त्या विधानाला प्रमाण कोणते? पहिला प्रश्न विद्युत्-शास्त्राचा आहे, दुसरा सौंदर्यशास्त्राचा. हौशी मंडळींच्या लेखनात आणि बोलण्यात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके मिसळून गेलेले असतात की एकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर सहज खपून जाते. ते वेगळे करून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

ॲपल कंपनीचा आयपॉड २३ ऑक्टोबर २००१ रोजी जाहीर झाला. खिशात मावणारे, बाहेरून एकही स्क्रू न दिसणारे हे यंत्र मालकाने उघडू नये अशाच बेताने घडवलेले होते. तरीही ते उघडले गेले. प्रथम बॅटरी बदलण्यासाठी, मग फिरती तबकडी काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवण्यासाठी, आणि शेवटी केवळ नादासाठी. २००५ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या यंत्रास ह्या मंडळींत आजही विशेष मान आहे. त्यातील वुल्फसन कंपनीची चिप अधिक 'संगीतमय' आहे आणि २००७ नंतरच्या क्लासिक यंत्रात सिरस लॉजिक कंपनीची चिप आल्यावर ते सौष्ठव गेले, असा त्यांचा दावा असतो. क्लासिकचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मे २०२२ मध्ये आयपॉड हे नावच बाजारातून निवृत्त झाले. म्हणजे हा उद्योग आता जुन्या वस्तूंवर चालतो, आणि जुन्या वस्तूंविषयी माणसाच्या मनात असलेली माया त्याच्या निर्णयात उतरल्याशिवाय राहत नाही, हेही आरंभीच ध्यानात ठेवले पाहिजे.

नादासाठी केल्या जाणाऱ्या फेरबदलाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. साठवलेले गाणे म्हणजे अंकांची रांग. एक चिप त्या अंकांचे विद्युत्-तरंगांत रूपांतर करते आणि तो तरंग पुढे हेडफोनकडे जातो. यंत्रात एकच बॅटरी असल्यामुळे हा तरंग शून्याच्या खाली-वर न हलता एका स्थिर विद्युत्-दाबाच्या खाली-वर हलत असतो. तो स्थिर दाब हेडफोनपर्यंत पोचू नये म्हणून वाटेत एक कपॅसिटर, म्हणजे बाजारात ज्याला कंडेन्सर म्हणतात तो, बसवलेला असतो. बदलता तरंग त्यातून पार होतो, स्थिर दाब अडतो. परंतु कपॅसिटरला स्थिर आणि अतिमंद ह्यांतील सीमारेषा काटेकोरपणे आखता येत नाही, त्यामुळे स्वर जितका खालचा तितकी त्याची अडवणूक अधिक होते. हौशी मनुष्य चिपच्या पायांपासून बारीक तारा थेट बाहेर काढतो, आतील लहान कपॅसिटर वगळतो आणि त्यांच्या जागी बाहेर मोठे व महागडे कपॅसिटर जोडतो. सारी शस्त्रक्रिया एवढीच आहे.

हा दोष काल्पनिक नाही. कपॅसिटर १०० मायक्रोफॅरडचा आणि हेडफोन १६ ओहमचा असेल, तर दर सेकंदास सुमारे १०० कंपांच्या खालचे स्वर क्षीण होऊ लागतात. हेडफोन ३२ ओहमचा असेल तर ही मर्यादा सुमारे ५० कंपांवर येते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा तंबोरा ह्या ठिकाणी कल्पावा. त्याच्या जोडाच्या तारा सुमारे १३९ कंपांच्या आणि खर्ज सुमारे ६९ कंपांचा. पहिल्या परिस्थितीत खर्जाच्या मूळ स्वराचा विद्युत्-दाब जवळजवळ ५७ टक्क्यांवर उतरतो, दुसरीत ८१ टक्क्यांवर. कपॅसिटर ४७० मायक्रोफॅरडचा बसवला तर १६ ओहमच्या हेडफोनवरही घट नाममात्र उरते. येथपर्यंत हौशी माणसाचे म्हणणे निखालस खरे आहे. त्याने दोषाला नाव दिले, त्याचे कारण दाखवले आणि उपाय केला. कोणत्याही शास्त्रीय दुरुस्तीची ह्याहून वेगळी रीत नसते.

परंतु येथेच दोन उपप्रश्न उभे राहतात. पहिला असा की, हा दोष हेडफोनच्या कमी रोधामुळे उद्भवतो. तेच यंत्र दहा हजार ओहमच्या ॲम्प्लिफायरला जोडले की एक मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटरसुद्धा १६ कंपांपर्यंतचे स्वर निर्वेध जाऊ देतो. २००३ पासून आयपॉडच्या तळाशी असलेल्या डॉकच्या खाचेतून असा जोड घेण्याची सोय होतीच. तेव्हा ज्या लाभासाठी यंत्र फोडले जाते, त्याचा बराचसा भाग यंत्र न फोडताही हाती लागण्यासारखा होता. शिवाय पाचव्या पिढीतील चिपमध्ये रूपांतर करणारा भाग आणि हेडफोन चालवणारा भाग एकाच तुकड्यावर कोरलेले आहेत. त्यामुळे 'शुद्ध रूपांतरकातून थेट नाद घेतला' हे वाक्य अर्थापेक्षा उत्साहाने अधिक भरलेले आहे.

दुसरा उपप्रश्न अधिक खोल आहे आणि त्याचा संबंध तंबोऱ्याच्या स्वभावाशी आहे. खर्जाचा मूळ स्वर निम्मा झाला म्हणजे खर्ज निम्मा ऐकू येतो काय? येथे नागपूरकरांना जवळचे वाटावे असे एक नाव येते. चंद्रशेखर वेंकट रामन हे १९१० मध्ये भारत सरकारच्या वित्त खात्यातील अधिकारी म्हणून नागपुरास होते. १९१७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. तोपर्यंतची त्यांची पदार्थविज्ञानाची साधना ही कचेरीचे काम सांभाळून उरलेल्या वेळात चाललेली, म्हणजे पोटापाण्याच्या दृष्टीने पाहता हौशीच, होती. पुढे १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात त्यांनी तंबोऱ्याच्या व वीणेच्या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूशी निगडित असलेले उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. पण रुंद, किंचित वक्र घोडी आणि जवारी ह्यांच्यामुळे ते उमटतात, आणि भरभरून उमटतात. तंबोऱ्याचा जो झंकार मैफल भरून टाकतो, तो मूळ स्वरापेक्षा ह्या उपस्वरांच्या समुदायावर अधिक उभा असतो.

आता मानवी कानाचा एक गुण असा की, उपस्वरांची रांग नीट ऐकू आली तर मूळ स्वर दुबळा किंवा अजिबात गैरहजर असला तरी मन तो स्वर स्वतः पुरवून घेते. जुन्या टेलिफोनवरून ३०० कंपांखालचे काहीच येत नसे, तरी पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटत असे, ते ह्याच कारणाने. म्हणून 'फेरबदल करण्यापूर्वी खर्ज ऐकूच येत नव्हता' हे हौशी माणसाचे विधान तंबोऱ्याच्या बाबतीत अतिशयोक्त ठरते. खर्ज ऐकू येतच होता. उणे होते ते त्याचे वजन, त्याचे बैठकीला टेकणे. हा फरक क्षुल्लक नाही, परंतु तो गैरहजेरीचा फरक नसून प्रमाणाचा आहे. उलट पखवाजाच्या डाव्या पुडीसारख्या नादात, जेथे खालच्या कंपांवरच सारी भिस्त असते, तेथे तीच उणीव अधिक बोचेल. तेव्हा एकच फेरबदल एका संगीताला अत्यावश्यक आणि दुसऱ्याला गौण असू शकतो. 'अधिक चांगला नाद' असा निरपेक्ष शब्दप्रयोग करणाऱ्या लेखनात हा विवेक सहसा आढळत नाही.

येथून पुढे हौशी विचाराची दुसरी पायरी सुरू होते. आता नाव देता येईल असा दोष उरलेला नसतो, पण सुधारणा मात्र चालू राहते. एका जातीच्या कपॅसिटरच्या जागी त्याच मापाचा, परंतु दहापट किमतीचा दुसरा बसवला की स्वर 'मोकळा' होतो. फिरत्या तबकडीच्या जागी मेमरी कार्ड आले की 'पार्श्वभूमी काळीभोर' होते. चांदीच्या तारेने वरचे स्वर 'उजळतात'. अशा विधानांपुढे टीकाकाराने दोन चुका टाळावयास हव्यात. ती ऐकताच हसून सोडून देणे ही एक आणि बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरून ती खरी मानणे ही दुसरी. बोलणारा बहुधा प्रामाणिकच असतो. त्याला फरक खरोखर जाणवलेला असतो. वादाचा मुद्दा इतकाच की, जाणवलेल्या फरकाचे कारण तारेत आहे की जाणिवेत.

ह्याची परीक्षा करण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. १९५० मध्ये बेल प्रयोगशाळेतील मन्सन आणि गार्डनर ह्यांनी ती मांडली. अ आणि ब असे दोन नाद ऐकवावयाचे, मग त्यांपैकी एक, कोणता ते न सांगता, पुन्हा ऐकवावयाचा आणि तो कोणता हे श्रोत्याला ओळखावयास सांगावयाचे. अनेक वेळा केलेल्या ह्या प्रयोगात निम्मीच उत्तरे बरोबर येत असतील, तर श्रोता ओळखत नसून नाणे उडवत आहे. मायर आणि मोरन ह्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षेत सीडीच्या मापाचा नाद आणि त्याहून सूक्ष्म मापाचा नाद ह्यांची अशी तुलना केली. ५५४ प्रयोगांपैकी २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे निम्म्याहून एक कमीच. २०१६ मध्ये राइस ह्यांनी अशा १८ परीक्षांचा एकत्र आढावा घेतला. त्यात बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले, आणि मुद्दाम शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वर गेले. ह्या परीक्षा नोंदणीच्या मापाविषयी आहेत, कपॅसिटरांविषयी नाहीत. तरी त्यांतून मिळणारा बोध येथेही लागू पडतो. कान शिकवता येतो हे खरे, पण ज्या फरकांना लोक रात्र आणि दिवस म्हणतात, ते फरक डोळ्यांवर पडदा टाकताच बहुधा संध्याकाळच्या संधिप्रकाशाइतके उरतात.

शिवाय एक साधी अडचण आहे, आणि हौशी प्रयोगांत तीच बहुतेक वेळा नजरेआड होते. फेरबदलानंतर नाद जरासा जरी मोठा झाला, तरी तो मोठा झाल्याचे न कळता अधिक चांगला झाल्याचे कळते. फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्येच दाखवले आहे की, नाद बारीक असताना कान खालच्या स्वरांना अधिक बहिरा असतो. आवाज चढला की खर्ज आपोआप भरतो. दोन यंत्रांचे मोठेपण मोजून समान केल्याखेरीज केलेली कोणतीही तुलना म्हणूनच विचारात घेण्याजोगी नाही. मोजणी करणारे साधन सोल्डर करण्याच्या साधनाइतकेच आवश्यक आहे, ही गोष्ट हौशी मंडळींनी स्वतःच्या हितासाठी मान्य करावयास हवी.

यंत्राचा नाद मोजून सुधारण्याची ही हौस महाराष्ट्राला नवी नाही. आयपॉडच्या आधी नव्वद वर्षे अशीच एक शस्त्रक्रिया येथे हार्मोनियमवर झाली होती, आणि तिची फलश्रुती प्रस्तुत प्रश्नावर मोठा प्रकाश टाकते. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर, आणि त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स हे सनदी सेवेतील जिल्हा न्यायाधीश. दोघांचाही व्यवसाय संगीत नव्हे. युरोपातून आलेल्या पेटीचे स्वर समान विभागणीचे असल्यामुळे तिचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटांनी, म्हणजे पेटीवरील अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने, चढा असतो. ह्या दोषाला नाव देता येत होते, तो मोजता येत होता, आणि तयार कानाला तो ऐकूही येत होता. देवलांनी अब्दुल करीम खाँ ह्यांच्यासारख्या सुरेल गायकाच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुतींची मापे निश्चित केली, १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्या मापांप्रमाणे सुरांच्या पट्ट्या बसवलेले श्रुति-हार्मोनियम इंग्लंडमधून घडवून आणले. क्लेमंट्स ह्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये आला.

१९१६ मध्ये बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तेव्हा ह्या वाद्यावरून मोठा वाद झाला. विष्णु नारायण भातखंडे हे त्या मताच्या विरुद्ध होते, आणि जमलेल्या कलावंतांनी व पंडितांनी त्या पेटीला प्रमाण मानले नाही. मोजमाप खोटे होते म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही. एका गळ्याची, एका प्रसंगीची मापे पट्टीवर कायमची खिळवता येतात, पण राग तसा खिळत नाही, हे त्यामागचे खरे कारण होय. दरबारीचा गंधार आंदोलित असतो. तो एका कंपसंख्येवर उभा राहिला तर बरोबर मापाचा होईल, पण दरबारीचा राहणार नाही. मींड पेटीवर येत नाही ही उणीव श्रुती वाढवल्याने भरून निघण्यासारखी नव्हती. दुसऱ्या बाजूला गोविंदराव टेंबे ह्यांच्यासारख्या वादकांनी तीच दोषयुक्त, समान विभागणीची पेटी हाती घेतली आणि नाट्यसंगीताच्या सुवर्णकाळात रसिकांना तृप्त केले. दोष वाद्यात राहिला, पण बोटांनी आणि कानांनी तो झाकला. तरी देवलांचा विचार मेला नाही. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक ह्यांनी बावीस श्रुतींची नवी पेटी सिद्ध करून तोच प्रश्न पुन्हा जागता केला आहे.

ह्या दोन प्रकरणांत एक साम्य आहे आणि एक भेद आहे. साम्य असे की, दोन्हीकडे व्यवसायाबाहेरच्या माणसाने कारखान्याची वस्तू अंतिम मानण्यास नकार दिला आणि दोषाला मापाने पकडले. भेद असा की, देवलांची पेटी चारचौघांत आली. तिच्यापुढे गवई बसले, तिच्याविरुद्ध बोलणारे होते, आणि निकाल तिच्या कर्त्याच्या हाती नव्हता. हेडफोनच्या नादाला अशी परिषद लाभत नाही. फेरबदल करणारा, पैसे खर्च करणारा, ऐकणारा आणि निकाल देणारा हा तेथे एकच मनुष्य असतो. वादी आणि न्यायाधीश एकच असलेल्या खटल्याचा निकाल काय लागणार हे सांगावयास नको. देवलांना पराभव सोसावा लागला, पण त्या पराभवामुळेच श्रुतींचा विचार पुढे गेला. आजच्या हौशी माणसाला पराभवाची सोयच उरलेली नाही, आणि त्याच्या विचाराची वाढ खुंटण्याचे हे एक मुख्य कारण होय.

दुसरे कारण त्याच्या भाषेत आहे. 'ऊब', 'चकाकी', 'मांसलपणा', 'हवा', 'पोत' अशा शब्दांनी हे लेखन भरलेले असते. स्पर्शाचे आणि दृष्टीचे शब्द नादाला लावण्यात स्वतःत काही वावगे नाही. मराठीतही सूर 'टोकदार' असतो आणि आवाज 'गोल' असतो. प्रश्न असा की, हे शब्द कशाचे वर्णन करतात. बा. सी. मर्ढेकर हे आकाशवाणीवर काम केलेले, म्हणजे नादाशी व्यावसायिक संबंध आलेले साहित्यिक होते. त्यांनी आपल्या सौंदर्यविचारात संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम सांगितले, आणि सौंदर्य सुट्या संवेदनांत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असते अशी भूमिका घेतली. त्या भूमिकेच्या सर्व परिणामांशी सहमत न होताही तिचा येथे उपयोग होतो. हौशी समीक्षा सुट्या संवेदनांची यादी करते: खर्ज एवढा, मधले स्वर तेवढे, वरचे अमुक इतके. परंतु ख्यालाच्या विलंबित बढतीत तंबोऱ्याचा झंकार, गळ्याचा लगाव आणि ठेक्याची आस ह्यांचा जो संबंध हळूहळू बांधला जातो, त्याविषयी ही यादी मुकी राहते. एकाही संवेदनेत वाढ न होता तो संबंध ऐकू येऊ शकतो, आणि सर्व संवेदना वाढूनही तो निसटू शकतो. ज्या फेरबदलाने समतोल साधतो त्यालाच सुधारणा म्हणावे, ही कसोटी लावली तर खर्जाचे वजन परत आणणारी दुरुस्ती तिला उतरते, कारण खर्ज हा त्या संबंधाचा पाया आहे. केवळ वरच्या स्वरांना चकाकी आणणारा बदल उतरेलच असे नाही.

आणखी एक गोष्ट. यंत्राच्या आत जे साठवले गेले त्याच्या पलीकडे कोणताही कपॅसिटर जाऊ शकत नाही. अब्दुल करीम खाँ ह्यांचा १९०५ च्या सुमाराचा स्वर भोंग्यापुढे गाऊन मेणावर कोरलेला आहे. विजेची नोंदणी १९२५ नंतर आली. तंबोऱ्याचा खर्ज त्या भोंग्याने मुळात टिपलेलाच नाही. त्यात सीडीवरील दर सेकंदाच्या सुमारे १४ लाख ११ हजार बिटांचा ऐवज एमपी३ च्या १ लाख २८ हजार बिटांत दाबून बसवला, तर तबल्याच्या चाटीची धार बोथट होण्याचा संभव असतो, कारण अशा दाबणीचा दोष अचानक उमटणाऱ्या नादाच्या किंचित आधी पसरलेल्या कुजबुजीच्या रूपाने प्रकट होतो. अशी प्रत सुधारलेल्या यंत्रावर लावून 'मूळ नाद' शोधणाऱ्यास एवढेच सांगता येईल की, आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. उत्तम नोंदणी आणि उत्तम प्रत ह्यांवर केलेला खर्च बहुतेक वेळा तारांवरील खर्चापेक्षा अधिक फळ देतो.

ऐकण्याच्या जागेलाही असेच महत्त्व आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि घराघरांतून कूलरचा घरघराट एप्रिलपासून जूनपर्यंत अखंड चालतो. त्या घरघराटाखाली खालच्या स्वरांचा आणि बारीक नादांचा जो भाग बुडतो, त्याच्यापुढे दोन कपॅसिटरांतील सूक्ष्म भेद कोणीकडच्या कोणीकडे जातो. उष्णतेचा दुसरा परिणाम अधिक थेट आहे. विद्युत्-द्राव असलेल्या कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीबरोबर साधारणतः निम्मे होते, असा अनुभवसिद्ध नियम आहे. वीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातील असा कपॅसिटर बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत कित्येक उन्हाळे काढलेला असेल, तर तो बदलणे ही हौस नसून गरज आहे. विशेष हे की, अशा वेळी 'नव्या कपॅसिटरने नाद सुधारला' हे विधान अक्षरशः खरे असते. मात्र श्रेय महागड्या जातीचे नसून नवेपणाचे असते. हा भेद न केल्यामुळे एका साध्या दुरुस्तीच्या पुण्याईवर अनेक मिथके वाढलेली आहेत.

मग ह्या उद्योगाचे मूल्यमापन कसे करावे? त्याचे तीन भाग पाडणे योग्य होईल. नाव देता येणाऱ्या दोषाची दुरुस्ती हा पहिला भाग. तो सर्वस्वी समर्थनीय आहे. मोजता येणारा परंतु पडद्याआड ओळखता न येणारा फरक हा दुसरा भाग. तो व्यक्तीच्या समाधानाचा विषय आहे, त्यावरून इतरांना उपदेश करण्याचा अधिकार मिळत नाही. मोजताही येत नाही आणि ओळखताही येत नाही असा फरक हा तिसरा. त्याला समीक्षेत स्थान नाही, जाहिरातीत भरपूर आहे.

परंतु केवळ एवढा हिशेब मांडून थांबणे अन्यायाचे होईल. ज्या काळात यंत्रे न उघडण्याच्या बेताने घडवली जातात आणि बॅटरी संपली की फेकली जातात, त्या काळात एखादा मनुष्य वीस वर्षांपूर्वीचे यंत्र उघडतो, त्याचे हृदय बदलतो, त्याला पुन्हा गाता करतो, ह्यात नादापलीकडचे मोल आहे. मराठीत 'हौशी' हा शब्द 'धंदेवाईक' ह्या शब्दाच्या विरुद्ध अर्थाने वापरला जातो आणि हौशी रंगभूमीमुळे त्याला प्रतिष्ठाही आहे. रामन, देवल आणि क्लेमंट्स हे तिघेही आपापल्या विषयात प्रथम हौशीच होते. त्यांना वेगळेपणा दिला तो त्यांच्या हौसेने नव्हे, तर स्वतःचे म्हणणे इतरांच्या परीक्षेस ठेवण्याच्या तयारीने. आयपॉड उघडणाऱ्या हौशी माणसाजवळ हात आहेत, चिकाटी आहे, बऱ्याच अंशी ज्ञानही आहे. फेरबदल केलेले आणि न केलेले अशी दोन यंत्रे समान मोठेपणावर आणून, चार जाणत्या श्रोत्यांपुढे पडद्याआड वाजवून, आलेला निकाल तो जसाच्या तसा मांडू लागला, तर त्याच्या विधानांना आज नसलेले वजन येईल. विद्यापीठांतील संगीत आणि पदार्थविज्ञान ह्या दोन विभागांनी एकत्र येऊन तंबोऱ्याच्या एका चांगल्या ध्वनिमुद्रणावर अशी परीक्षा घेणे मुळीच अवघड नाही. तिला लागणारे साहित्य दोन जुनी यंत्रे, एक मोजणीचे साधन आणि कूलर बंद केलेली एक खोली इतकेच आहे.